न्हाणीशेजारची खोली

अमेरिकेत पहिल्यांदा भोंगा ऐकला तेव्हा मी पासपोर्ट, पर्स आणि मेतकुटाचा डबा घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले होते. मेतकुटाचा डबा का, ते आजही सांगता येणार नाही. ओट्यावर समोर दिसला, उचलला. लेक दारात उभी राहून हसत होती. ‘‘अगं आई, आज शनिवार. बारा वाजलेत. शनिवारी बाराला इथे भोंग्याची चाचणी असते.’’ आपल्याकडे कारखान्याच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे, तसं इथलेही लावत असतील, असं पुटपुटत मी डबा जागेवर ठेवला.

लेक ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला राहते. मी तिच्या बाळंतपणाला गेले ते नेमके एप्रिल-मे, म्हणजे तिकडचा टोर्नॅडोचा हंगाम. तिच्या घरापासून जवळच मूर नावाचं गाव आहे. २० मे २०१३ ला तिथे ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीचा टोर्नॅडो झाला आणि २४ माणसं गेली. त्यात प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली ७ मुलं होती. तिथल्या शिक्षिका मुलांना पोटाखाली घेऊन पडून राहिल्या होत्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला एवढं ऐकल्यावर ‘नीट लक्ष दे’ असं वेगळं सांगावं लागत नाही.

जावईबापूंनी धडा दिला. ‘वॉच’ म्हणजे आभाळ त्या लायकीचं आहे, डोळे उघडे ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे रडारवर दिसलं किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलं, आता उठा. दोन्हींच्या मध्ये चहा होतो, वॉर्निंगनंतर होत नाही. तळघर असेल तर तळघरात जायचं, पण तिकडच्या चिकणमातीत बऱ्याच घरांना तळघरच नसतं. मग सगळ्यात खालचा मजला आणि त्यात घराच्या मधोमध असलेली, बिनखिडकीची, लहानात लहान खोली. बाहेरच्या वाऱ्यात आणि आपल्यात जितक्या भिंती तितकं बरं. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, अंगावर गादी. भिंतीकडे तोंड करून, पाया पडताना टेकवतो तसं कपाळ टेकवायचं आणि मानेवर हात धरायचे. माणसं दगावतात ती बहुतेक उडत आलेल्या वस्तूंनी. त्या दोन महिन्यांत आम्ही जिन्याखालच्या कपाटात खरोखरीचे दोनदा जाऊन बसलो. एकदा लेक नऊ महिन्यांची पोटुशी, एकदा नात अकरा दिवसांची. दोन्ही वेळा काही झालं नाही.

परत आले तेव्हा वाटलं, ही विद्या सांगलीत काय कामाची? सांगलीला पूर कळतो. आयर्विन पुलाखालचं पाणी किती फुटांवर आलं की कोणत्या गल्लीने सामान माडीवर न्यायचं, हे आमच्या पोराबाळांनाही पाठ आहे. वारा हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे.

गेल्या एप्रिलातला एक रविवार. मी विश्रामबागेतून मिरज, भोसे, शिरढोण करत कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर गेले होते. दिरांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं आणि आमच्या कुसळाच्या माळावर बागा उभ्या राहिल्या. शेवटचा माल रॅकवर होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेदाण्याचं शेड म्हणजे लांबलचक मांडव असतो. लोखंडी खांब, त्यांना एकावर एक ताणलेल्या जाळ्या, वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या, कारण वारा खेळायला हवा. वाऱ्यानेच माल वाळतो. म्हणजे वाऱ्याला आत बोलावण्यासाठीच बांधलेली वस्तू. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि पाऊस लागला तर तोही काळा पडतो. एप्रिलात शेडवाल्या माणसाची एक नजर मालावर असते, दुसरी आभाळावर.

सकाळी पुतण्याच्या मोबाइलवर हवामान खात्याचा पिवळा इशारा आला होता. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा. ‘‘रोजचंच हाय ते, मोठी आई,’’ तो म्हणाला. खरंच, त्या आठवड्यात तो इशारा रोजच येत होता. पण मला एकदम जावई आठवले. दुपारी मी उगाचच वस्तीला एक फेरी मारली. समजा आलंच, तर कुठे जायचं?

ही फेरी मारायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दिवसात मी केलेलं खरं काम तेवढंच, बाकी सगळं नंतर आपोआप घडलं.

शेड तर बादच. शेडला लागून जुनं कडुलिंबाचं झाड, बायका दुपारी भाकरी खायला त्याखाली बसतात. तेही बाद. २०२३ च्या ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात वादळी पावसात लोक मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले होते. शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर पडलं आणि सात माणसं गेली. पत्रा आणि झाड या दोन्हींकडे आपण निवारा म्हणून धावतो, आणि तिथे दोन्ही एकत्र होते. आमच्याकडेही अगदी तशीच मांडणी होती. इतकी वर्षं मी त्या सावलीत बसून चहा प्यायले, पण तशा नजरेने झाडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

राहतं घर दगडी भिंतींचं, पण वर पत्रा. आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. आमच्या भागात हे सर्रास दिसतं. पत्रा उडाला तर त्याच्याबरोबर दगडही उडणार, हा विचार कोणी करत नाही. टेम्पो उभा होता लिंबाखाली. विहिरीजवळची मोटारीची खोली भक्कम, स्लॅबची, पण आत स्टार्टर, वायरी आणि दाटीवाटी. ओढ्यावरची मोरी मला आधी बरी वाटली होती, खाली वाकून जाता येतं. पण पाऊस पडला की त्या ओढ्याला किती वेळात पाणी येतं, हे जाऊबाईंनी सांगितल्यावर तीही सोडली.

उरली न्हाणीशेजारची खोली. दोन वर्षांपूर्वी दिरांनी घरामागे संडास-न्हाणी बांधली तेव्हा बेदाण्याचे बॉक्स ठेवायला दहा बाय आठची एक खोली जोडून घेतली होती. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खिडकी नाही, उंदीर शिरू नये म्हणून लोखंडी दार. दार पश्चिमेला. मी पुतण्याला म्हटलं, ‘‘बॉक्स एका बाजूला लाव, मधली जागा रिकामी कर.’’ त्याने केलं, पण सुनेकडे बघून डोळा मारला. मोठी आई अमेरिकेहून आल्यापासून असंच करते, अशा अर्थाचा.

दुपारी चारला हवा थांबली. पानही हलेना. घाम पुसावा तर रुमाल ओलाच. जतकडचं आभाळ आधी राखाडी झालं, मग निळंकाळं, आणि त्याच्या खाली जमिनीला टेकलेली एक तांबूस भिंत दिसायला लागली. धुळीची. ढालगावच्या पठारावरच्या पवनचक्क्या रोज दिसतात, त्यातल्या पलीकडच्या दिसेनाशा झाल्या. नऊ वर्षांचा नातू (पुतण्याचा मुलगा) अंगणात होता. त्याला मी सुट्टीतला खेळ म्हणून शिकवलं होतं, वीज दिसली की गडगडेपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तो ओरडला, ‘‘आज्जी, नऊ!’’ म्हणजे तीन किलोमीटर. तेवढ्यात पूर्वेकडून एकदम गार वारं आलं. उकाड्यात ते इतकं बरं वाटलं की बायका शेडमधून बाहेर येऊन अंग वाळवत उभ्या राहिल्या.

त्या गार झुळकेचा अर्थ मी वर्गात शिकवलेला आहे. उंच ढगात पाऊस आणि गारा तयार होतात, पडता पडता काही पाणी वाफ होतं, गारा वितळतात, त्याला लागणारी उष्णता हवेतून जाते. हवा थंड आणि जड होते आणि धाडकन खाली येते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पालथ्या तव्यावर पाण्याची धार धरावी तशी. म्हणजे आपल्याला गार वाटतं तेव्हा ढगाचा हात आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो. फळ्यावर मी त्याची छान आकृती काढत असे.

‘‘चला आत,’’ मी म्हटलं. कोणी हललं नाही.

दीर बेदाण्यावर ताडपत्री ओढायला निघाले होते, बायका त्यांच्यामागून. साहजिकच आहे, वर्षाची कमाई रॅकवर. मी शाळेतला आवाज काढला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण तो आवाज गळ्यात शिल्लक होता याचं मलाच नवल वाटलं. ‘‘भाऊजी, ताडपत्री सोडा! सगळ्या बायका न्हाणीच्या खोलीत! पायात चपला घाला! घमेली घ्या डोक्यावर!’’ एक पोर हसली. मी तिच्याकडे पाहिलं. ती घमेलं घेऊन पळाली.

दिरांनी ताडपत्री सोडली ती माझ्यामुळे नव्हे. ताडपत्रीच त्यांच्या हातातून सुटून निघून गेली.

सुनेने गॅसचा रेग्युलेटर बंद केला, पुतण्याने मेन स्विच खाली केला आणि गोठ्यातल्या दोन्ही म्हशींची दावी सोडली. गोठा पत्र्याचा, बांधलेलं जनावर पळू शकत नाही. जाऊबाईंनी वाकळा उचलल्या. नातवाच्या डोक्यावर पुतण्याचं हेल्मेट, चार वर्षांच्या नातीच्या डोक्यावर पातेलं. तिला ते फार आवडलं.

अडल्या सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण हवं ते बरोबर येतं. ‘‘संडासाशेजारी जाऊन बसू व्हय मी? या वयात?’’ त्यांना देव्हाऱ्यासमोर बसायचं होतं. देव्हारा पत्र्याखाली, वर दगड. समजावण्यात अर्धं मिनिट गेलं, आणि त्या वेळी अर्धं मिनिट फार होतं. शेवटी पुतण्याने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं. वाटेभर त्या त्याला शिव्या देत होत्या. देव्हाऱ्यातला टाक त्यांनी मुठीत घेतला होता, हे मला नंतर दिसलं.

दार लावलं आणि धूळ येऊन धडकली. कडी आतून नीट बसेना, कारण ती खोली बाहेरून कुलूप लावायला केलेली, आतून बंद करायचा कोणी विचारच केला नव्हता. (मीही केला नव्हता. दुपारी खोली पाहिली, भिंती पाहिल्या, दार आतून लागतं का ते पाहिलं नाही.) दार बाहेर उघडणारं, वारा त्याला बाहेर ओढत होता. पुतण्याने म्हशीचं दावं आणलं होतं ते कडीत ओवलं आणि तो, दीर आणि एक दणकट बाई, तिघं ते धरून मागे रेलले. दीर ओरडत होते, ‘‘थोडं उघडं ठेवू, वारं निघून जाऊ दे!’’

ही समजूत मला ओक्लाहोमातही ऐकायला मिळाली होती. दारंखिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो आणि घर वाचतं म्हणे. उलट होतं. वारा आत शिरला की छताला खालून ढकलतो, वरून वाहणारा वारा त्याला ओढत असतोच. दोन्ही मिळून छत उचललं जातं. सोसाट्यात छत्री उलटी होते ती अशीच. हे सगळं त्या वेळी सांगत बसायला सवड नव्हती. मी फक्त ‘‘नाही!’’ म्हणाले.

सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून खाली बसवलं, मुलं मधे, वर वाकळा. बायकांच्या डोक्यावर घमेली आणि बेदाण्याचे क्रेट. भिंतीपलीकडे न्हाणी, तिच्या नळाची पाइप या खोलीतूनही गेलेली. तिला कोणी टेकू नका, असं मी दोनदा सांगितलं. वीज पडली तर नळाच्या पाइपातून, वायरीतून आत येते. टोर्नॅडोत न्हाणीत जा म्हणतात, विजेत नळापासून लांब राहा म्हणतात, आणि आपल्याकडे दोन्ही एकदम येतं. मग न्हाणीत बसायचं पण नळाला शिवायचं नाही, एवढाच मार्ग उरतो.

अमेरिकेत सगळे सांगत, आगगाडीसारखा आवाज येतो. आमच्याकडे आगगाडी आली नाही. आधी पत्रे किंचाळले. खिळा लाकडातून उपसताना येतो तसा आवाज, पण शंभर खिळ्यांचा. मग काहीतरी मोठं धप्पकन पडलं. मग स्लॅबवर गारा. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हाताने डोकी चाचपायला लागले. सहलीला नेलेल्या पोरांना बसमध्ये चढवताना मोजते तशी. सासूबाई, दीर, जाऊबाई, पुतण्या, सून, दोन नातवंडं, मी. आठ. कामाच्या बायका आठ. सोळा.

आणि टेम्पोवाला.

दुपारी तो जेवून टेम्पोच्या केबिनमध्ये झोपला होता. लिंबाखाली. हे मला माहीत होतं. फेरी मारताना मी त्याच्या खिडकीशेजारून गेले होते, घोरणं ऐकलं होतं. आणि हाका मारताना ‘सगळ्या बायका’ म्हणाले. बत्तीस वर्षांत सहलीला एक पोर कधी मागे राहिलं नाही माझं. निघण्याआधी मोजायचं असतं, पोचल्यावर नव्हे.

पुतण्याला कानात सांगितलं तसा तो दावं सोडून उठला. मी त्याचा पाय धरला. खरंच, पायाला मिठी मारली. बाहेर पत्रे उडत होते. दारातून गेला असता तर लिंबापर्यंत चाळीस पावलं होती. सून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत ‘धरा, सोडू नका’ होतं. जाऊबाईंच्या नजरेत मात्र टेम्पोवाला होता. तो त्यांच्या माहेरच्या गावचा. मी सोडलं नाही. हे बरोबर की चूक, यावर त्या दिवसापासून आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि मला स्वतःला तिसरं.

किती वेळ गेला? नातवाने मनगटी घड्याळात पाहून ठेवलं होतं. अकरा मिनिटं. मला कोणी विचारलं असतं तर मी पाऊण तास सांगितला असता.

वारा पडला तसे दीर उठले. मी म्हटलं थांबा, आणि थांबायला हवंच होतं, कारण शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये असं मीच शाळेत भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पण टेम्पोवाल्यासाठी मी तो नियम मोडू दिला. पुतण्या आणि दीर गेले. उरलेल्यांना मी बसवून ठेवलं. विजा चमकतच होत्या.

लिंबाची मोठी फांदी टेम्पोच्या केबिनवर पडली होती. काच नव्हती, टप बसलेला. केबिनमध्ये कोणी नव्हतं. पुतण्याने हाका मारल्या. शेडच्या पलीकडे नवीन पाइपलाइनसाठी खणलेली चर होती, कमरेइतकी खोल. त्यातून आवाज आला, ‘‘हाय, हाय, हिकडं हाय.’’ चिखलाने माखलेला, गारांनी पाठ सुजलेली. धुळीने दरवाजा आपटला म्हणून त्याला जाग आली, खोलीकडे पळायला निघाला, एक पत्रा समोरून गेला, आणि तो होता तिथेच चरीत पडून राहिला. डोक्यावर हात. उघड्यावर सापडलात आणि जवळ निवारा नसेल, तर झाडं-गाड्यांपासून दूर, खोलगट जागेत पालथं पडा आणि डोकं झाका, हेच जावयांनी सांगितलं होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ‘‘पडलोच की मी,’’ तो म्हणाला, ‘‘मुद्दाम झोपलो न्हाय.’’ आणखी थोडा पाऊस झाला असता तर त्या चरीत पाणी भरलं असतं, तेही खरं.

मी त्याला म्हटलं, माझं चुकलं, मी तुला विसरले. त्याला त्यात चुकण्यासारखं काही दिसेना. ‘‘बाई, मला च्या मिळंल का?’’

बाहेरचं सगळं सांगत बसत नाही. शेडचा निम्मा पत्रा गेला, रॅक एकमेकांवर कलले, माल मातीत. स्लॅबवरची काळी टाकी दिसेना. सकाळपासून लाइट नव्हती म्हणून ती रिकामी होती. भरलेली हजार लिटरची टाकी एक टन वजनाची, ती जागची हलली नसती. ती शेजारच्यांच्या बागेत मिळाली, तारांवर अडकून लोंबत. घरावरचे पत्रे उडाले, त्यातला एक दगड देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. सासूबाईंनी तो पाहिला, काही बोलल्या नाहीत. टाक मात्र दोन दिवस मुठीतून सोडला नाही.

वादळानंतरचा तास मला वादळापेक्षा अवघड गेला. खोलीत सगळे ऐकत होते, बाहेर आल्यावर ज्याला-त्याला आपलं काही ना काही बघायचं होतं. दीर सरळ विहिरीकडे निघाले, आणि वाटेत ओल्या रानात विजेची तार पडलेली. मेन स्विच आपला बंद, पण ती तार आपल्या स्विचच्या अलीकडची नव्हेच. ओल्या जमिनीत तारेभोवतीची मातीही जिवंत असू शकते, दोन पावलांत अंतर पडलं तरी झटका बसतो. आम्ही लांबूनच चार बांबू आणि लाल ओढणी लावून वाट बंद केली आणि वायरमनला फोन केला. तो येऊन लाइन बंद असल्याचं सांगेपर्यंत म्हशींनाही तिकडे जाऊ दिलं नाही. दोन्ही म्हशी तोवर आपण होऊन परतल्या होत्या आणि नसलेल्या गोठ्यात आपापल्या जागी उभ्या होत्या.

एवढं सांभाळूनही एका बाईच्या पायात खिळा गेलाच. पत्र्याचा, चपलेतून आरपार. पळताना बूट कोणाच्या पायात असणार? तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुतण्याला मी सांगितलं, काहीही उचलायच्या आधी सगळ्याचे फोटो काढ, पंचनाम्याला लागतील. दुसऱ्या दिवशी तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा ते कामी आले.

फोटो काढता काढता पुतण्याने एक व्हिडिओही टाकला, ‘सांगलीत टोर्नॅडो’. गावात तोवर ‘चक्रीवादळ’ झालंच होतं. मी त्याला घेऊन रानात फिरले. ‘‘बघ, पत्रे कुठे पडलेत? सगळे पश्चिमेला. द्राक्षांच्या मांडवाचे अँगल कुठे वाकलेत? पश्चिमेलाच. त्या कडेचे थोडे उत्तरेकडे, या कडेचे थोडे दक्षिणेकडे, पंखा उघडल्यासारखे.’’ टोर्नॅडो असता तर वस्तू पिळवटून एकमेकींकडे पडल्या असत्या, एक झाड इकडे, शेजारचं तिकडे, आणि नासधूस एका अरुंद पट्ट्यात. हा वरून कोसळून पसरलेला वारा. चक्रीवादळ तर आणखी वेगळं, ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर रुंद असतं, दिवसचे दिवस चालतं, आणि त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. आणि उन्हाळ्यात भर उन्हात माळावर पाचोळा उचलून नाचते ती वावटळ, तिला ढगही लागत नाही, तापलेली जमीन पुरते. लहानपणी आम्हाला सांगायचे, तिच्यात भूत असतं.

आपल्या देशात टोर्नॅडो होतच नाहीत असं नाही. १७ मार्च १९७८ ला खुद्द दिल्लीत झाला होता. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला माणिकगंजमध्ये झाला, त्यात सुमारे तेराशे माणसं गेली. जगात एका टोर्नॅडोने याहून जास्त बळी घेतल्याची नोंद नाही. तिथेही घरं पत्र्याची आणि कुडाची होती.

पुतण्याने ऐकून घेतलं. ‘‘पण मोठी आई, वरून कोसळलेला वारा असं लिहिलं तर व्हिडिओ कोण बघणार?’’ त्याने नाव बदललं नाही.

रात्री लेकीचा फोन आला. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला होता. मी सगळं सांगितलं, टेम्पोवाल्याचंही. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आई, मेतकूट घेतलं होतंस का?’’

आता खोलीच्या दाराला आतून कडी आहे. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी, तिच्यात बॅटरी, शिट्टी, जुने बूट, पट्ट्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पुतण्याने फोनमध्ये विजांची सूचना देणारं पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घेतलं आहे, आणि आभाळ भरलं की तोच आता ‘‘आज्जीला उचला’’ म्हणतो. सासूबाईंची अट एकच होती, संडासाचं दार त्या बाजूने बुजवून पलीकडून काढा. काढलं.

घरावर नवे पत्रे आले. दिरांनी या वेळी हुक मारून, पट्ट्या आवळून, पक्के बसवून घेतले. दगड ठेवायचे नाहीत, असं मी तीनदा बजावलं होतं, आणि त्यांनी तीनदा ‘‘बरं वहिनी’’ म्हटलं होतं. दिवाळीत गेले तेव्हा आल्या आल्या अंगणातून वर पाहिलं आणि सवयीने मोजले. सहा होते.